वॉरंट कुठाय?

मागच्या महिन्यात आपल्याच पोरांच्या बैठकीत मी फोन टॅपिंगचा विषय काढला. एक कार्यकर्ता, चांगला शिकलेला, वकिलीच्या दुसऱ्या वर्षाला असलेला, मला म्हणाला, "कवी, हा साहेबलोकांचा चोचला आहे. ज्याच्या घराला चार खोल्या त्याला खाजगीपण लागतं. आपल्याकडं दहा बाय दहात नऊ माणसं झोपतात, तिथं कसलं आलंय खाजगी? आपला प्रश्न भाकरीचा." सगळे हसले. मीपण हसलो. शेवटची लोकल पकडून वडाळ्याला उतरेपर्यंत हसू गेलं आणि डोकं तापलं. म्हणून हे लिहितोय. त्या मित्राला शिव्या घालायला नाही. तो आपलाच आहे. पण त्यानं शत्रूची भाषा आपल्या तोंडात घातली आणि ती थुंकून टाकायला पाहिजे.

मी गोदीत काम करतो. मॅट्रिक पास आहे. कायदा कॉलेजात शिकलो नाही. वाचनालयात बसून, वकील मित्रांच्या झेरॉक्स वाचून, डिक्शनरी शेजारी ठेवून शिकलो. चुकलो तर कान धरा. पण आधी ऐका.

पहिली गोष्ट माझ्या आईची. आमच्या घरात फोन उचलला की 'जय भीम' म्हणतात. हॅलो आम्हाला माहीतच नव्हतं. लातूरकडून मावशीचा फोन आला की आई असा जय भीम घालायची की तीन घरं पलीकडं ऐकू जायचा. २०१८ च्या १ जानेवारीला भीमा कोरेगावला जाणाऱ्या लोकांवर दगडफेक झाली, ३ जानेवारीला महाराष्ट्र बंद झाला, आणि पुढं रात्री-अपरात्री वस्त्यावस्त्यांतून पोरं उचलली गेली. मी तेव्हा एकोणीस वर्षांचा. गल्लीच्या तोंडाशी एका साध्या वेशातल्या माणसानं अडवलं. "फोन काढ. पॅटर्न खोल." मनीष मार्केटातनं घेतलेला सेकंडहँड फोन, काच तडकलेली. त्यानं मेसेज वाचले, कुणाकुणाला फोन केले ते बघितलं, मग फोटोंत शिरला. बाबासाहेब, मोर्चा, मोर्चातली पोरं. एका पोरीवर लिहिलेली आणि तिला कधी न पाठवलेली कविता. ती त्यानं जोडीदाराला मोठ्यानं वाचून दाखवली. दोघं हसले. मग फोन माझ्या छातीवर आदळून म्हणाला, "जा. नंबर घेतलाय तुझा."

कागद नाही. शिक्का नाही. सही नाही. आपण कोण हे सांगितलं नाही. त्या रात्रीपासून आईनं फोनवर जय भीम म्हणणं सोडलं. हॅलो म्हणते. तेपण हळू. मावशीनं विचारलं, "काय गं, आजारी हाईस का?" आई म्हणाली, "न्हाई गं, रेंज न्हाई."

दुसरी गोष्ट टोळीची. आम्ही अकराजण लोखंडाच्या कॉईल उतरवायच्या कामावर होतो. सगळे कंत्राटी. हातमोजे फाटलेले, बूट स्वतःच्या पैशाचे, जादा पाळीचे पैसे अर्धेच हातात. ठरवलं की एकत्र बसू, अर्ज लिहू, नाही ऐकलं तर काम बंद. बैठक फोनवर ठरली. संध्याकाळी चहाच्या टपरीवर पोचलो तर मुकादम आधीच बाकड्यावर बसलेला आणि त्याच्या शेजारी एक अनोळखी, पायात पोलिशी बूट. "या, या," मुकादम म्हणाला, "अर्ज कोण लिहिणार? कवी लिहिणार काय?"

फोन ऐकला गेला होता, की आमच्यातल्याच कुणी सांगितलं? तेव्हापासून टोळीत एकमेकांकडं बघणं बदललं. सगळ्यांचा संशय एकावर गेला. त्याला आम्ही डब्याला बोलावणं बंद केलं. त्याच्याशी फक्त 'धर', 'सोड' एवढंच बोलायचो. महिन्याभरात तो काम सोडून न्हावा-शेव्याकडं गेला. जाताना म्हणाला, "मी न्हवतो रे." अर्ज लिहिलाच गेला नाही. हातमोजे अजून फाटकेच आहेत.

आता सांग माझ्या वकील होणाऱ्या मित्रा, हा भाकरीचा प्रश्न आहे की नाही? आमचा फोन कुणी ऐकला असेल, नसेल. पण 'ऐकतात' एवढ्या एका भीतीनं अकरा माणसांची टोळी फुटली. मालकाला एक पैसा खर्च आला नाही. संपाला पोलीस लागले नाहीत, कारण संप झालाच नाही.

आणि खाजगीपण साहेबांचं म्हणतोस? ज्याच्या घराला चार खोल्या त्याला भिंती आहेत, गेट आहे, गेटवर वॉचमन आहे, खाली वकिलाची गाडी आहे. आपल्याकडं पत्रा. ज्याला विटेची भिंत नाही त्यालाच कायद्याची भिंत लागते. इतिहास बघ. पाळत आधी कुणावर बसली? १८७१ च्या कायद्यानं इंग्रजांनी अख्ख्या जमाती जन्मानंच गुन्हेगार ठरवल्या. नाव रजिस्टरात, ठरल्या वेळी हजेरी, हद्दीबाहेर जायला पास. तो कायदा १९५२ साली गेला. हजेरीची सवय पोलिसांच्या हाडात राहिली. आता चौकीवर जावं लागत नाही एवढाच फरक. खिशातला फोनच हजेरी देतो, कुठल्या टॉवरखाली उभा आहेस, कुणाशी किती मिनिटं बोललास. २०२१ च्या ऑक्टोबरात हैदराबादच्या रस्त्यावर पोलीस पोरांच्या गाड्या थांबवून त्यांचे व्हॉट्सॲप उघडत होते आणि त्यात 'गांजा' हा शब्द शोधत होते. त्या पोरांना कुणी वॉरंट दाखवलं नाही. असं थांबवून घ्यायला बंगल्यातल्या साहेबाची गाडी मिळत नाही, रस्त्यावरची पोरंच मिळतात.

आता खरी गोष्ट सांगतो, जी त्या बैठकीत एकालाही माहीत नव्हती आणि मलापण उशिरा कळली. हे वॉरंट आपल्यासाठी पहिल्यांदा कुणी मागितलं? बाबासाहेबांनी.

१९४७ च्या मार्च महिन्यात शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या वतीनं बाबासाहेबांनी घटनेसाठी एक मसुदा दिला. 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'. आपण त्यातला जमिनीच्या राष्ट्रीयीकरणाचा भाग भाषणात सांगतो, वेगळ्या मतदारसंघाचा सांगतो. मूलभूत हक्कांची यादी वाचतच नाही. त्या यादीत त्यांनी लिहिलंय की माणसाचं शरीर, त्याचं घर, त्याचे कागद, त्याची चीजवस्तू यांची मनमानी झडती-जप्ती होता कामा नये. शपथेवर सांगितलेलं सबळ कारण असल्याशिवाय, आणि काय झडायचं, कुणाला धरायचं हे नेमकं लिहिल्याशिवाय वॉरंट निघता कामा नये. अमेरिकेच्या घटनेतून हे कलम त्यांनी उचललं. कोलंबियात शिकलेला आपला बाप. त्याला ठाऊक होतं काय उचलायचं आणि कशासाठी. ज्यांच्या झोपडीत पाटील, तलाठी, फौजदार कधीही लाथ मारून शिरत होता, त्यांच्यासाठी उचललं.

पुढं काय झालं? समितीतल्या मोठमोठ्या कायदेपंडितांना काळजी पडली की असलं कलम घातलं तर पोलिसांच्या तपासात अडथळा येईल. कलम गळलं. १९४८ च्या डिसेंबरात घटना समितीत काझी सय्यद करीमुद्दीन यांनी तीच गोष्ट दुरुस्ती म्हणून पुन्हा मांडली. बाबासाहेब उभे राहिले आणि म्हणाले की ही दुरुस्ती उपयोगाची आहे, मी ती स्वीकारायला तयार आहे. हे फौजदारी कायद्यात आहेच, पण उद्याच्या कायदेमंडळाला हात घालता येऊ नये म्हणून घटनेत असलेलं बरं. मसुदा समितीचा अध्यक्ष स्वतः 'घ्या' म्हणतोय! तरी सभेनं ती फेटाळली. घटनेचा शिल्पकार म्हणून ज्याचा पुतळा चौकाचौकात उभा करता, त्यानं मागितलेलं वॉरंट तुम्ही त्याच्या तोंडावर नाकारलं. त्या नकारातूनच आजचं सगळं निघालं.

वॉरंट नाही, मग कोणाच्या भरवशावर देश चालला? इंग्रजाच्या. १८८५ चा टेलिग्राफ कायदा. तार आपली, तारेवरचा शब्द आपला, सरकारला वाटलं की मधेच धरायचा. स्वातंत्र्य आलं, झेंडा बदलला, कलम ५ तसंच राहिलं.

१९६२ साली सुप्रीम कोर्टानं ज्याच्या अर्जावर निकाल दिला तो खरक सिंग नावाचा उत्तर प्रदेशातला एक माणूस. दरोड्याच्या खटल्यात पुरावा नाही म्हणून सुटलेला. सुटला तरी पोलिसांनी त्याचं नाव पाळतीच्या रजिस्टरात घातलं. रात्री येऊन दार ठोकायचे, झोपेतून उठवायचे, घरात आहे की नाही बघायचे. कोर्ट म्हणालं, रात्री दार ठोकणं चूक. बाकी पाळत चालू द्या, खाजगीपणाचा हक्क घटनेत लिहिलेलाच नाही. लिहिला असता रे! लिहायला दिला होता. सहांपैकी दोघा न्यायमूर्तींनी, सुब्बा राव आणि शहा यांनी, तेव्हाच सांगितलं की ही पाळतच बेकायदा आहे. त्यांचं कुणी ऐकलं नाही.

आता १९७२ साल घ्या. त्या सालाचा आपल्याला अभिमान आहे, मुंबईत पँथरची डरकाळी फुटली ते साल. अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून आपण नाव घेतलं. तिकडं काळ्यांच्या चळवळीवर एफ्.बी.आय.चा कान चोवीस तास होता. मार्टिन ल्यूथर किंगचा फोन ऐकायची परवानगी १९६३ साली खुद्द ॲटर्नी जनरल रॉबर्ट केनेडीनं सही करून दिली. म्हणजे सरकारनं सरकारलाच दिली. १९७२ च्या जूनमध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टापुढं जो खटला आला त्यातले आरोपी व्हाइट पँथर पार्टीचे, काळ्या पँथरांच्या बाजूनं उभी राहिलेली गोरी पोरं. सरकार म्हणालं, देशाच्या सुरक्षेचा प्रश्न आहे, जज्जाला विचारायची गरज नाही. आठही न्यायमूर्तींनी एकमतानं ठणकावलं की देशातल्या माणसाचा फोन ऐकायचा तर आधी जज्जाचं वॉरंट आणा. त्याच १९७२ साली आपल्या पार्लमेंटनं काय केलं? टेलिग्राफ कायद्याचं कलम ५ दुरुस्त केलं. सार्वजनिक आणीबाणी किंवा सार्वजनिक सुरक्षितता असेल तर ऐकता येईल, आणि त्यासाठी पाच कारणं लिहून दिली. परवानगी कोण देणार? सरकारच.

१९९१ साली पुढाऱ्यांचे फोन ऐकल्याचं प्रकरण छापून आल्यावर पी.यू.सी.एल. ही नागरी हक्कांची संघटना सुप्रीम कोर्टात गेली. १९९६ च्या डिसेंबरात निकाल लागला. कोर्ट म्हणालं, फोनवरचं बोलणं हा खाजगी आयुष्याचा भाग आहे, वाटेल तसं ऐकता येणार नाही. टाळ्या! मग नियम घातले. आदेश गृहसचिवानं द्यावा, दोन महिने चालावा, वाढवत नेला तरी सहा महिन्यांच्या वर नाही, आणि एका समितीनं तपासावा. संघटनेनं मागितलं होतं की आधी जज्जाची परवानगी लागावी. कोर्ट म्हणालं, कायद्यात तशी तरतूद नाही, आम्ही घालू शकत नाही. म्हणजे हक्क दिला आणि हक्काची चावी चोराच्याच खिशात ठेवली.

तपासणारी समिती कुणाची? केंद्रात कॅबिनेट सचिव, कायदा सचिव आणि दूरसंचार सचिव. राज्यात मुख्य सचिव आणि त्याच मजल्यावरचे आणखी दोघे. एकपण जज्ज नाही, एकपण बाहेरचा माणूस नाही. मी गोदीतला माणूस, मला हे गोदीच्या भाषेत कळतं. जहाजातून माल उतरतो तेव्हा मोजणी दोनदा होते. जहाजाचा माणूस मोजतो, धक्क्यावरचा टॅली क्लार्कपण मोजतो. दोघांचे कागद जुळले पाहिजेत. का? कारण उतरवणारा आणि मोजणारा एकच असला तर पेट्या वाटेत गायब होतात, हे शाळा न शिकलेल्या हमालालापण ठाऊक आहे. पण देशाचं सरकार चालवणाऱ्यांना ठाऊक नाही! सचिवानं हुकूम काढायचा, सचिवानंच तपासायचा, आणि सहा महिने झाले की कागद फाडून टाकायचे.

आणि किती हुकूम? माहितीच्या अधिकारात केंद्र सरकारनंच दिलेलं उत्तर २०१४ साली बाहेर आलं, महिन्याला साडेसात ते नऊ हजार. नुसत्या केंद्राचे. २०१८ साली न्यायमूर्ती श्रीकृष्ण यांच्या समितीनं लिहिलं की दोन महिन्यांनी भरणाऱ्या या तपासणी समितीपुढं एका बैठकीला पंधरा ते अठरा हजार हुकूम येतात. हेच ते श्रीकृष्ण, ज्यांनी १९९२-९३ च्या मुंबईच्या दंगलीची चौकशी केली. त्यांना पोलिसांचे कागद कसे वाचायचे ते कळतं. मी हिशेब केला. एका हुकमाला एकच मिनिट दिलं तरी पंधरा हजाराला अडीचशे तास. न झोपता, न जेवता, न मुतता दहा दिवस. तीन सर्वोच्च साहेब दहा दिवस खुर्चीला चिकटून बसतात असं कुणाला वाटत असेल तर त्यानं हात वर करावा.

मग कागदावर काहीपण चालतं. काँग्रेसचे नाना पटोले यांनी २०२१ साली विधानसभेत आरोप केला की २०१६-१७ साली आपण खासदार असताना आपला फोन ऐकला गेला, आणि कागदावर आपला नंबर 'अमजद खान' या नावानं, अमली पदार्थवाला म्हणून दाखवला होता. पुण्यात गुन्हा दाखल झाला. २०२३ साली हायकोर्टानं तो रद्द केला. गुन्हा गेला, पण ते नाव माझ्या डोक्यातनं जात नाही. पटोलेंनी सांगितलं तसं घडलं असेल तर त्याचा अर्थ काय? खासदाराच्या नावानं अर्ज केला तर कुणीतरी विचारेल, का? अमजद खानच्या नावानं केला तर कुणी विचारत नाही. मुसलमानाचं नाव हाच पुरावा, मुसलमानाचं नाव हेच वॉरंट. उद्या तिथं कांबळे लिहा, पवार पारधी लिहा, सही तितक्याच झटपट होईल. खासदार निदान सभागृहात उभा राहून ओरडू शकला. खऱ्या अमजद खाननं कुठं ओरडायचं?

२०१७ च्या २४ ऑगस्टला सुप्रीम कोर्टाचे नऊ न्यायमूर्ती एकमतानं म्हणाले की खाजगीपण हा मूलभूत हक्क आहे. खरक सिंगच्या निकालातला तो भाग पुसला. सत्तर वर्षांनी बाबासाहेबांच्या कलमाजवळ येऊन पोचले. मी खोटं बोलणार नाही, हा निकाल मोठा आहे आणि त्याचा उपयोग झाला. २०१९ साली मुंबई हायकोर्टानं २००९-१० सालचे तीन टॅपिंगचे हुकूम रद्द केले आणि टेप नष्ट करायला सांगितल्या, कारण ना आणीबाणी होती, ना सार्वजनिक सुरक्षितता. २०२५ च्या जुलैत मद्रास हायकोर्टानं २०११ चा हुकूम रद्द केला. म्हणालं की गुन्हा शोधायचाय एवढ्यावर गुपचूप फोन ऐकता येत नाही. चांगलं झालं. पण फिर्यादी कोण होते ते वाचा. एक उद्योगपती, एक कंपनीचा मॅनेजिंग डायरेक्टर. दोघांवर लाचेचे आरोप. त्यांचे फोन ऐकल्याचं त्यांना कळलं, कारण टेप खटल्याच्या कागदात आल्या. आणि कोर्टात दहा-दहा वर्षं लढायला त्यांच्याकडं पैसा होता. माझ्या टोळीतल्या माणसाला कसं कळणार? त्याच्यावर खटलाच नाही. त्याचं फक्त काम गेलं.

कोर्ट म्हणतं, आधी पुरावा आण की तुझा फोन ऐकला. सरकार म्हणतं, कुणाचा ऐकला ते गुपित. या दोन दगडांमधे माणूस भरडला जातो. अमेरिकेतपण तेच. २०१३ च्या फेब्रुवारीत तिथलं सुप्रीम कोर्ट वकिलांना, पत्रकारांना, ॲम्नेस्टीला म्हणालं की तुमचं बोलणं ऐकलं जाईलच हे तुम्ही सिद्ध करू शकत नाही, चालते व्हा. पाच विरुद्ध चार. जूनमध्ये स्नोडेनचे कागद बाहेर आले आणि कळलं की सरकार तर कोट्यवधी लोकांच्या फोनची नोंद रोज उचलत होतं. त्या नोंदीचा आधार ज्याच्याविरुद्ध घेतला, तो सॅन दिएगोतला सोमालियातून आलेला एक टॅक्सी ड्रायव्हर. २०२० साली कोर्ट म्हणालं, ही नोंद घेणं बेकायदा होतं. मग ड्रायव्हर सुटला? नाही. शिक्षा कायम! कायदा जिंकला आणि टॅक्सीवाला हरला. गरिबाच्या वाट्याला निकाल असाच येतो.

आणि आपल्या माणसाचं काय झालं ते विसरू नका. २०१९ साली आनंद तेलतुंबडे यांना सांगण्यात आलं की तुमच्या फोनवर पेगासस सोडलं होतं. पेगासस म्हणजे बोलणं ऐकण्याच्या पलीकडची गोष्ट. अख्खा फोनच शत्रूच्या हातात, कॅमेरा, माईक, चिठ्ठीचपाटी सगळं. बनवणारी इस्रायली कंपनी म्हणते, आम्ही फक्त सरकारांना विकतो. आपलं सरकार घेतलं म्हणत नाही आणि नाही घेतलं असंपण म्हणत नाही. तेलतुंबडे यांना स्वाधीन व्हावं लागलं तो दिवस १४ एप्रिल २०२०. बाबासाहेबांच्या नातजावयाला, बाबासाहेबांच्या जयंतीला. जामिनावर बाहेर आले २६ नोव्हेंबर २०२२ ला, संविधान दिनाला. तारखासुद्धा थोबाडीत मारतात. २०२१ साली सुप्रीम कोर्टानं पेगाससची चौकशी समिती नेमली, म्हणालं की राष्ट्रीय सुरक्षा म्हटलं की सरकारला रान मोकळं असं होणार नाही. २०२२ च्या ऑगस्टात समितीनं सांगितलं की एकोणतीस फोन तपासले, पाचांत काहीतरी घातक सॉफ्टवेअर सापडलं, पेगाससच आहे असं म्हणता येत नाही, आणि सरकारनं सहकार्य केलं नाही. ज्याच्यावर आरोप त्यानं सहकार्य केलं नाही. आम्ही पॅटर्न खोलला नाही तर थोबाड फुटतं. सरकार पॅटर्न खोलत नाही, त्याचं काय?

मग इंग्रजाचा १८८५ चा कायदा बाजूला सारला तेव्हा तरी काही बदललं? २०२३ च्या डिसेंबरात नवा दूरसंचार कायदा आला. त्या अधिवेशनात विरोधी पक्षांचे १४६ खासदार निलंबित होते. बाकं रिकामी, कायदा पास. २०२४ च्या डिसेंबरात त्याखाली फोन ऐकण्याचे नवे नियम आले. हुकूम गृहसचिवाचा. तपासणी सचिवांची. जज्ज नाही. सहा महिन्यांनी कागद नष्ट. राणी गेली, कान तोच.

दोस्तहो, म्हणून मी म्हणतो की हा विषय आपल्या जाहीरनाम्यात आला पाहिजे. भाकरीच्या खाली नाही, भाकरीच्या शेजारी. मागण्या साध्या आहेत, मॅट्रिकवाल्यालापण पाठ होतील. कुणाचाही फोन ऐकायचा तर आधी जज्जाचं वॉरंट, कारण लिहून. ऐकणं संपल्यावर ठरलेल्या मुदतीत त्या माणसाला कळवा की आम्ही तुझं ऐकलं, म्हणजे तो कोर्टात जाऊ शकेल. दरवर्षी किती हुकूम काढले तो आकडा विधानसभेच्या टेबलावर ठेवा. आणि रस्त्यावर, नाक्यावर, वस्तीत पोराच्या हातातला फोन कागदाशिवाय उघडायचा नाही. यात क्रांतीचं काही नाही असं कुणी म्हणेल. हे बाबासाहेबांनी १९४७ सालीच मागितलंय. आपण नुसती थकबाकी वसूल करतोय.

आणि वकिलीच्या दुसऱ्या वर्षातल्या माझ्या मित्रा, तुझ्यावर मी रागावलो, पण काम तुझ्याकडंच आहे. खटले उद्योगपती लढतात, जिंकतात, घरी जातात. वस्तीतल्या पोराचा खटला कोण लढणार? तू सनद घेशील तेव्हा मी पहिला अशील. फी म्हणून कवितेचा अंक देईन, चालेल तर बघ. तोवर एक वही आपण सुरू करू. कुणाचा फोन, कुठं, किती वाजता, कुणी उघडला, बिल्ल्याचा नंबर काय. शंभर वस्त्यांतल्या शंभर वह्या झाल्या की तोपण एक पुरावा होतो. ते आपलं रजिस्टर ठेवतात, आपण त्यांचं ठेवू. विचारताना थप्पड बसेल. मला बसलीय. थप्पड बसली तर तीपण वहीत लिहायची, तारखेसकट.

टोळीतून गेलेल्या त्या माणसाला मी परवा फोन केला. इतक्या दिवसांनी. त्यानं उचलला, पण बोलेना. मी म्हणालो, "माफ कर भावा. तू असशील नसशील, आपण अकराजण फुटायला नको होतो." बराच वेळ नुसता क्रेनचा आवाज येत होता. मग म्हणाला, "फोनवर नको. रविवारी ये."

रविवारी जाणार आहे. कोरी वही घेऊन.

काल रात्री मावशीचा फोन आला. आई हात पुसत उठली, पण मी आधी उचलला आणि तीन घरं पलीकडं ऐकू जाईल असा ओरडलो, जय भीम! आई घाबरून दाराकडं बघत होती. पलीकडून मावशी तेवढ्याच जोरात ओरडली. ऐकणारा कुणी असेल तर त्यानंपण ऐकलं असेल. ऐक लेका. पण आधी सांग, वॉरंट कुठाय?

जय भीम.